खुर्चीची गोष्ट आणि फारिस अल-खूरी

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत सीरियाचे राजकारणी आणि मुत्सद्दी फारिस अल-खूरी यांच्यावर आलेला लेख वाचला. मराठीत या मंडळींविषयी फारसे लिहिले जात नाही, म्हणून लेखाचे स्वागतच आहे. मात्र त्यातला निम्मा मजकूर ज्या किश्श्याने व्यापला आहे, तो तारखांच्या कसोटीवर टिकत नाही. खूरी संयुक्त राष्ट्रसंघात मुद्दाम फ्रेंच प्रतिनिधीच्या खुर्चीवर जाऊन बसले, तो संतापत राहिला, खूरी घड्याळ न्याहाळत राहिले आणि शेवटी, तुम्हाला पंचवीस मिनिटे सोसवेनात, आम्ही तुमची राजवट पंचवीस वर्षे सोसली, असे त्यांनी सुनावले, असा तो किस्सा. लेखात तो जून १९४६ मधला म्हणून दिला आहे. फ्रेंच फौजा तर एप्रिलमध्येच सीरियाबाहेर पडल्या होत्या आणि १७ एप्रिल हा तिथला राष्ट्रीय दिन ठरला तो त्याचमुळे. मग जूनमध्ये खुर्ची अडवून मागायचे काय उरले होते?

खरी हकिकत या किश्श्याहून रंजक आहे. १९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत सीरियाच्या शिष्टमंडळाचे नेतृत्व खूरी यांच्याकडे होते आणि त्या वेळी ते पंतप्रधानही होते. ही परिषद चालू असतानाच, २९ मे रोजी, फ्रेंच तोफांनी दमास्कसवर मारा केला आणि संसदेची इमारतही त्यातून सुटली नाही. पुढे फेब्रुवारी १९४६ मध्ये लंडनला सुरक्षा परिषदेपुढे सीरिया आणि लेबनॉन यांनी परकीय फौजा हटवण्याची मागणी मांडली, तेव्हा सीरियाची बाजू खूरी यांनीच लढवली. फौजा शक्य तितक्या लवकर निघतील असा विश्वास व्यक्त करणारा अमेरिकेचा ठराव सोव्हिएत संघाला मिळमिळीत वाटला आणि त्याने नकाराधिकार वापरला. सुरक्षा परिषदेच्या इतिहासातला तो पहिला नकाराधिकार. गंमत अशी की ठराव पडूनही त्याचा आशय मान्य असल्याचे फ्रान्स आणि ब्रिटनने सांगितले आणि दोन महिन्यांत सीरिया मोकळा झाला.

लेखात खूरी अगदी निष्कलंक वीर म्हणून उभे राहतात, हेही मला खटकले. ते दमास्कसमधील कायद्याचे प्राध्यापक, फ्रेंच अंमलाआधी सीरियाचे राजे झालेल्या फैजल यांच्या अल्पजीवी राज्यात अर्थमंत्री. आणि फ्रेंचांविरुद्धचे १९२५ चे बंड अजून धुमसत असतानाच, १९२६ मध्ये, फ्रेंचांनी नेमलेल्या मंत्रिमंडळात ते सामील झाले. त्याच फ्रेंचांनी काही आठवड्यांत त्यांना अटक करून हद्दपार केले. सीरियाच्या स्वातंत्र्याच्या करारासाठी १९३६ मध्ये पॅरिसला झालेल्या वाटाघाटींतही ते होते. तो करार फ्रेंच संसदेने कधीच मंजूर केला नाही. तडजोडीचा माणूस म्हणून त्यांच्यावर टीका झाली, आणि माझ्या मते ती सर्वस्वी चुकीची नव्हती. परंतु कायद्याची भाषा आणि चिकाटी यांच्या जोरावर लंडनमध्ये त्यांनी जे साधले, त्याची पूर्वतयारी या फसलेल्या वाटाघाटींतच झाली असावी.

प्रॉटेस्टंट ख्रिस्ती असूनही मुस्लिमबहुल देशाने त्यांना दोनदा पंतप्रधान केले, याला लेखात एकच ओळ मिळाली आहे. दुसऱ्यांदा, १९५४ मध्ये, ते ऐंशीच्या घरात होते आणि बगदाद कराराच्या, म्हणजे इराक आणि तुर्कस्तान यांच्या पाश्चात्त्यधार्जिण्या संरक्षण कराराच्या, वादात फेब्रुवारी १९५५ मध्ये त्यांचे सरकार गेले. निदान जूनच्या तारखेची दुरुस्ती पुढील पुरवणीत छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक