साहेब, गटाचं कुलूप काढा

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सविनय नमस्कार.

मी पूर्व विदर्भातल्या एका तालुक्यात गटप्रवर्तक, म्हणजे आशांच्या कामावर देखरेख करणारी, आहे. माझ्या हाताखाली २२ आशा, म्हणजे गावात घरोघरी आरोग्याचं काम करणाऱ्या बाया, आहेत आणि माझ्या मोबाईलमध्ये ४१ व्हॉट्सअ‍ॅप गट. 'हाताखाली' हा ऑफिसचा शब्द झाला, खरं तर त्या माझ्या बरोबरीच्या बाया. मीही आधी आशाच होते. सकाळी चहाचं आधण ठेवेपर्यंत या गटांत साठ-सत्तर मेसेज पडलेले असतात. 'गुड मॉर्निंग मॅडम', कालच्या सर्वेक्षणाचे फोटो, 'अहवाल आज दुपारपर्यंत न चुकता सादर करावा', आणि मध्येच एखादं पोस्टर. हे पत्र त्या पोस्टरबद्दल आहे, आणि ज्या गावाच्या गटांत लोकांना लिहिता येत नाही त्यांच्याबद्दल.

आमच्याकडे हत्तीरोगाच्या गोळ्यांची मोहीम असते. तुम्हाला ठाऊकच आहे, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून सांगते. नालीतल्या घाण पाण्यावर वाढणारा क्युलेक्स डास या रोगाचे जंतू एकाकडून दुसऱ्याकडे नेतो. जंतू अंगात असूनही माणूस वर्षानुवर्षं धडधाकट दिसतो, आणि पाय एकदा हत्तीसारखा झाला की पहिल्यासारखा होत नाही. म्हणून काही दिसत नसतानाच अख्ख्या गावाने वर्षातून एकदा गोळ्या खायच्या. डीईसी आणि अल्बेंडाझोल, काही जिल्ह्यांत जोडीला आयव्हरमेक्टिन. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि फार आजारी माणसं सोडून सगळ्यांनी, तेही आमच्या समोर. देशाने हा रोग घालवण्यासाठी २०२७ साल ठरवलं आहे.

ज्याला काहीच होत नाही अशा माणसाला 'गोळी खा' म्हणणं सोपं नाही. त्यात मेख अशी की ज्याच्या रक्तात जंतू असतात, त्यालाच गोळी खाल्ल्यावर ताप, मळमळ, चक्कर जास्त होते, कारण आत जंतू मरत असतात. जिथे गोळीची गरज सर्वात जास्त, तिथेच ती बदनाम होते.

एका मोहिमेच्या दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊच्या सुमारास एक व्हिडिओ आला. जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. शाळेचा व्हरांडा, ओकणारी दोन-तीन पोरं, मागे एका बाईचं रडणं. त्यातलं बोलणं मराठी नव्हतं, भिंतीवरची अक्षरंही आपली नव्हती. पण कुणीतरी खाली आमच्या तालुक्याचं नाव टाकून दिलं होतं. सकाळी तीन टोल्यांमध्ये, म्हणजे गावाच्या वस्त्यांमध्ये, दारं बंद. एका म्हातारीने फटीतूनच विचारलं, "काहून वं बाई, आमच्या लेकरायले मारतेस का?" तिच्या नातवाच्या वेळचं बाळंतपण आमच्याच आशाने सोबत जाऊन केलेलं.

त्या घडीला गावाच्या आरोग्य गटात काय होतं? एक पोस्टर. वर मान्यवरांचे पाच फोटो, मधे 'हत्तीरोग दुरीकरणाचा करू या निर्धार', आणि गोळ्या कुणी खाऊ नयेत ते अगदी तळाला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. तेही वाचून कुणाला शंका आली असती तरी विचारायची सोय नव्हती, कारण गटाला कुलूप होतं. फक्त अ‍ॅडमिननेच लिहायचं. मागे एकदा कुणीतरी त्यात निवडणुकीचा मेसेज टाकला, वरून बोलणी बसली आणि तेव्हापासून गट बंद. मग लोक बोलले कुठे? पोरांच्या क्रिकेटच्या गटात, बायांच्या भिशीच्या गटात, भजनी मंडळाच्या गटात. तो व्हिडिओही तिथेच मोकळा हिंडत होता.

दारं उघडली ती पोस्टरने नाही. आमच्या एका आशाने सकाळी चुलीपाशी बसून मोबाईलवर आवाज भरला. मागे कोंबडं आरवत होतं, भांडं पडल्याचा आवाजही त्यात आला होता. ती बोलली ते असं: "मी बोलून राहिली, तुमची आशा. तो व्हिडिओ आपल्या इकडचा नाही, आयका नीट, त्याच्यातलं कोणी मराठी तरी बोलते का? काल मी गोळ्या खाल्ल्या, माह्या सासूनं खाल्ल्या. सासूले रातभर मळमळ होती, आता उठून चहा पिऊन राहिली. उपाशी पोटी नोका खाऊ. ज्याले ज्याले काही वाटलं त्यानं मले फोन करा, मी घरीच येतो." हे तिने आरोग्य गटात टाकलंच नाही, तिथे तिला टाकताही येत नव्हतं. भिशीच्या गटात टाकलं. दुपारपर्यंत दोन टोल्यांची दारं उघडली. तिसरी टोली दुसऱ्या दिवशी, सरपंचाच्या आईने चारचौघांत ओट्यावर बसून गोळ्या खाल्ल्यावर.

मळमळ होते हे तिने कबूल केलं, म्हणून तिच्यावर विश्वास बसला. आमचं एकही पोस्टर ते कबूल करत नाही. 'गोळ्या पूर्णतः सुरक्षित आहेत' एवढं लिहून मोकळं होतं. मग ज्याला खरंच ओकारी होते, त्याला वाटतं की सरकार खोटं बोललं. आणि कावळा बसायला अन् फांदी मोडायला एक गाठ पडली, म्हणजे त्याच दिवशी कुणाला वेगळ्याच कारणाने चक्कर आली, तर विचारूच नका.

मोबाईलवरची अफवा काय करू शकते हे आपल्या राज्याने रक्त सांडून पाहिलं आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुलं पळवणारे समजून जमावाने मारून टाकलं. त्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने आपल्या देशात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. मर्यादेने वेग कमी होतो, बस्स. मेसेज खोटा आहे हे सांगायला ओळखीचा माणूसच लागतो.

सरकारला दोन्ही बाजूंनी बोलता येत नाही असंही नाही. मार्च २०२० मध्ये केंद्राने व्हॉट्सअ‍ॅपवर कोरोनाची माहिती देणारा नंबर सुरू केला, आणि ऑगस्ट २०२१ पासून लसीचं प्रमाणपत्र त्याच नंबरवर मिळू लागलं. तालुक्याला जायला एसटीचं तिकीट काढावं लागणाऱ्या आमच्या लोकांनी पोराच्या मोबाईलवर ते काढून घेतलं. लोकांना हे माध्यम परकं नाही. पण ते होतं मशीनचं उत्तर. 'माझ्या सासूला मळमळ होते आहे' याला मशीन काय सांगणार?

आणखी एक गोष्ट मुंबईहून दिसत नाही. घरात मोबाईल एक असतो आणि तो नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या खिशात असतो. ज्या बाईसाठी आम्ही लोहाच्या गोळ्यांचा मेसेज पाठवतो तिला तो दिसतो रात्री आठनंतर, पोराने दाखवला तर. आणि मेसेज सुटतात सकाळी अकराला, ऑफिस उघडल्यावर. मोहीम ऑगस्टमध्ये आली की आमच्याकडे धानाची रोवणी चालू असते. बाया दिवस उजाडताच बांधीत, परत येतात दिवेलागणीला. गोळ्यांचं पथक साडेअकराला दारात जातं आणि कडीला हात लावून परत येतं. आदल्या संध्याकाळी 'उद्या सकाळी सातला येतो, शिदोरी बांधायच्या आधी दोन घास खाऊन थांबा' एवढा आवाजी मेसेज गेला तर हेलपाटा वाचतो. हे मी दोन गावांत करून पाहिलं आहे. कुणाच्या परवानगीने, ते मात्र विचारू नका.

आता जे बोलायला जड जातं ते. आम्हाला प्रत्येक कामाचा फोटो गटात टाकावा लागतो. गोळी तोंडात टाकतानाचा, वजनकाट्यावरच्या कुपोषित पोराचा, गरोदर बाईचा. काम झालं याचा पुरावा म्हणून. एकदा सिकलसेलच्या, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराच्या, तपासणीची यादी, नावं आणि निकालासकट, चुकून गावाच्या गटात पडली. पाच मिनिटांत काढून टाकली, पण पाच मिनिटं पुरेशी होती. यादीतली एक मुलगी वाहक निघाली होती. वाहक म्हणजे आजारी नव्हे, जोडीदारही वाहक किंवा रुग्ण असला तरच मुलांना धोका, हे आम्ही बैठकांमधून घसा कोरडा करून सांगतो. तिच्या सोयरिकीची बोलणी चालू होती, ती थांबली. तिची आई अजून माझ्याशी बोलत नाही. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला म्हणतात. तो आमच्या गटांपर्यंत कधी पोचेल ते सांगा.

मला नवं अ‍ॅप नको आहे. हात जोडून सांगते, अ‍ॅप नको. आमच्या मोबाईलमध्ये आता जागा उरली नाही. सरकारी पैशाने काढलेले रीलही नकोत, ज्यात शहरातली मुलगी नऊवारी नेसून 'आशाताई' होते आणि पुस्तकातली मराठी बोलते. मला हवंय ते एवढंच की प्रत्येक गावाचा आरोग्य गट दिवसातला एक तास, रात्री आठ ते नऊ, खुला राहावा, आणि त्या तासात उत्तर द्यायला तालुक्यात एक जाणता माणूस नेमलेला असावा. त्या तासाचा त्याला मोबदला मिळावा. आशांवर हे बिनपैशाचं काम लादू नका, आधीच त्यांच्या पाठीवर रजिस्टरांचं ओझं आहे. राज्यात ७० हजारांच्या आसपास आशा आहेत, २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा सन्मान केला, आम्ही टाळ्याही वाजवल्या. आता त्यांच्या आवाजाचा उपयोग करा. झाडीबोलीत, वऱ्हाडीत, अहिराणीत, गोंडीत, कोरकूत, त्यांच्याच तोंडून. डॉक्टरांनी मजकूर तपासून द्यावा, बोलावं तिने. आणि रुग्णाचा चेहरा, नाव, निकाल कुठल्याच गटात जाणार नाही असा एक ओळीचा आदेश काढा. एक ओळ पुरे, परिपत्रक नको.

गट खुला केला की शिव्या येतील, राजकारण येईल, 'माझ्या गल्लीतली नाली कधी साफ करता' हे तर रोज येईल. येऊ द्या. डास त्याच नालीत असतो. ग्रामसेवक त्या गटात असला तर बरंच.

काल रात्री एका माणसाचा मला वेगळा मेसेज आला. "मॅडम, बीपीची गोळी चालू आहे, हत्तीरोगाची खाल्ली तर चालते का?" बीपी आटोक्यात असेल तर चालते, खायलाच हवी, पोटभर जेवून. तसं मी त्याला कळवलं. त्याच्या गावाच्या गटात १८७ माणसं आहेत, त्यातल्या कितीजणांच्या घरात बीपीची गोळी असेल. ते उत्तर मला तिथे टाकता आलं नाही, त्या गटाची मी अ‍ॅडमिन नाही.

आपली नम्र,
एक गटप्रवर्तक