वाचनालयाला वेळ वाढवून द्या

महोदय,

मी एसटीतून निवृत्त झालेला वाहक. सकाळी आठला आमच्या गावच्या वाचनालयाचं कुलूप निघतं, तेव्हा पायरीवर बहुधा मीच असतो. पेपरची घडी मोडायचा मान माझा! हल्ली मात्र माझ्याआधी तीन-चार मुली आलेल्या असतात. पोलीस भरतीचा अभ्यास करतात. घरी दोन खोल्या, त्यात टीव्ही चालू. मग बसायचं कुठे? एकीने तर खिडकीखालच्या खुर्चीला घरून आणलेली उशी बांधून ठेवली आहे.

अडचण अशी, की अकराला वाचनालय बंद होतं ते थेट पाचला उघडतं. मधले सहा तास मुली देवळाच्या ओट्यावर. ग्रंथपालांना दोष देणार नाही. झाडण्यापासून देवघेवीपर्यंत सगळं तेच एकटे बघतात आणि मानधन सांगायला त्यांनाच लाज वाटते. 1967 च्या राज्याच्या ग्रंथालय कायद्याखालच्या नियमांनी वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग दिले, अनुदान त्या वर्गावर ठरतं. आमचं 'ड' वर्गातलं. त्यात पगार, वीजबिल, मासिकं भागवून नवी पुस्तकं किती येणार? स्पर्धा परीक्षेची बरीचशी जुन्या अभ्यासक्रमाची आहेत.

दुपारसाठी एक मदतनीस मिळाला, तरी पुष्कळ. ग्रामपंचायतीला तीनदा अर्ज दिला. पोचपावत्या जपून ठेवल्यात, तिकिटांचा हिशेब ठेवायची जुनी खोड. तोवर किल्ली माझ्याकडे द्या, दुपारी मी बसतो.

– एक वाचक, जि. सातारा