नेटवर्क कार्डाच्या लिनक्स ड्रायव्हरमधील डिपेंडन्सीच्या चुकांबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक साहाय्य विभाग

महोदय,

खोक्यावर ‘लिनक्स सपोर्ट’ असे ठळक छापले होते, म्हणून मी आपल्या कंपनीचे नेटवर्क कार्ड घेतले. कार्डाबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती सोबत दिलेल्या ड्रायव्हरच्या (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सोर्सबद्दल, म्हणजे मूळ कोडबद्दल, आणि त्याहून जास्त, चुका कळवल्यावर आपल्याकडून आलेल्या उत्तरांबद्दल.

मी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सोर्सपासून स्वतः बिल्ड करते. के-कॉन्फिगमध्ये, म्हणजे कर्नलमध्ये काय घ्यायचे ते ठरवणाऱ्या पर्यायांत, आपला ड्रायव्हर ‘वाय’ (मूळ कर्नलमध्येच) आणि एलईडी दिवे हाताळणारे लेड्स-क्लास ‘एम’ (वेगळे मॉड्यूल) ठेवले, की सगळ्या फाइली विनातक्रार कंपाइल होतात आणि अगदी शेवटी, लिंक होताना, म्हणजे सगळे भाग जोडले जाताना, एलईडी नोंदवण्याच्या फंक्शनसाठी ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ (फंक्शन सापडत नाही, अशी एरर) येतो. मॉड्यूल नंतर लोड होणार. त्यातले फंक्शन मूळ कर्नल लिंक होताना सापडेल कुठून? या डिपेंडन्सीचा (एका भागाला दुसरा लागतो, या अटीचा) आपल्या के-कॉन्फिगमध्ये उल्लेखच नव्हता. तुमच्याकडच्या मशीनवर दोन्ही पर्याय ‘वाय’ असतील, म्हणून तिथे ही चूक दिसली नसावी.

हे कळवल्यावर पुढच्या आवृत्तीत लेड्स-क्लाससाठी ‘सिलेक्ट’ची, म्हणजे तो पर्याय आपोआप चालू करणारी, ओळ आली. त्याने दुखणे फक्त जागा बदलून बसले. सिलेक्ट ज्या पर्यायाला चालू करते, त्याच्या स्वतःच्या अटी पाहत नाही. लेड्स-क्लासला न्यू-लेड्स (एलईडीचा वरचा पर्याय) लागते. ते बंद असेल तर आता ‘अनमेट डायरेक्ट डिपेंडन्सीज’ची (अटी पूर्ण नाहीत, अशी) वॉर्निंग येते. सिलेक्ट जपून वापरा, असे कर्नलच्या दस्तऐवजातच लिहिले आहे. सीआरसी३२ या डेटा-तपासणीच्या कोडसाठी आपण तेच वापरले आहे आणि तिथे ते योग्य आहे, कारण त्याला पुढे कसली अट नाही. एलईडीसाठी मात्र ‘डिपेंड्स ऑन’ (अमुक असेल तरच, ही अट) हवे: लेड्स-क्लास असो किंवा नसो. वाचताना ही अट निरर्थक वाटते, पण लेड्स-क्लास ‘एम’ असेल तर ती ड्रायव्हरलाही ‘एम’च्या पुढे जाऊ देत नाही, आणि ते बंद असेल तर आड येत नाही. ते बंद असताना एलईडीचा कोड वगळला जाईल, एवढी सोय सोर्समध्ये करावी लागेल.

दुसरी अडचण कर्नल ६.१५ वर आली. आपल्या मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फाइलमध्ये) हेडरचा, म्हणजे कोडमधल्या घोषणांच्या फाइलचा, मार्ग ‘एक्स्ट्रा सीफ्लॅग्ज’ या कंपायलरच्या पर्यायांच्या यादीतून दिला आहे. ही पद्धत २००७ मध्येच मोडीत काढून ‘सीसीफ्लॅग्ज-वाय’ आणली गेली, ६.१५ मध्ये जुन्या पद्धतीचा आधार पूर्ण काढला. त्यामुळे ड्रायव्हरला स्वतःचीच हेडर फाइल सापडत नाही. यावर उत्तर आले, ‘कर्नल हेडर्स इन्स्टॉल करा.’ ती होतीच! एरर मेसेजमध्ये नाव आपल्याच फाइलचे होते. तो मेसेज नीट वाचला असता तर हे उत्तर गेलेच नसते. कर्नलच्या त्याच आवृत्तीत ‘डेल टायमर’ हे टायमर रद्द करणाऱ्या फंक्शनचे नावही गेले; ‘टायमर डिलीट’ हे नवे नाव ६.२ पासून उपलब्ध आहे.

याचा त्रास फक्त कर्नल बिल्ड करणाऱ्यांना नाही. डीकेएमएसवर (नव्या कर्नलसाठी मॉड्यूल आपोआप बिल्ड करणाऱ्या साधनावर) विसंबलेल्या माणसाचे कर्नल आपोआप अपडेट होते, मॉड्यूलचा बिल्ड फसतो आणि रीबूटनंतर नेटवर्कच उरत नाही. दुरुस्ती डाउनलोड करायची तर तेच कार्ड बंद. ‘जुने कर्नल वापरा’ हा आपला सल्ला म्हणजे त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्याही नाकारणे आहे, आणि हे मला मुळीच मान्य नाही.

सोबत पॅच (सोर्समधील बदलांची फाइल) जोडला आहे. तो तपासून सोर्समध्ये घ्यावा. प्रत्येक आवृत्ती देण्यापूर्वी ‘ऑलमॉडकॉन्फिग’ (शक्य तितके पर्याय ‘एम’) आणि काही ‘रँडकॉन्फिग’ (पर्याय यादृच्छिक) बिल्ड करून पाहावेत. ड्रायव्हर कोणत्या कर्नलपर्यंत तपासला आहे, ते खोक्यावर आकड्यात छापावे. शक्य असल्यास ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्येच द्यावा. मग कर्नलमधले एखादे फंक्शन बदलणाराच आपला कोडही सोबत बदलतो.

पंधरा दिवसांत ड्रायव्हरचे काम पाहणाऱ्या इंजिनिअरकडून लेखी उत्तर मिळावे. दुरुस्ती करणार नसाल तर कार्ड परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी.

आपली,
एक ग्राहक

सोबत: पॅच, दोन्ही बिल्डचे लॉग, कॉन्फिग फाइल