लोणी, वणवा आणि तुमची हिरवी बांगडी

प्रिय ताई,

नाव छापायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतंच 'ताई'. मिनेसोटाच्या मराठी मंडळींत ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

ग्रो स्वेन्डसनवरचा लेख एकदाचा दिवाळी अंकाच्या छपाईला गेला. 1841 साली नॉर्वेच्या हालिंगडाल खोऱ्यात जन्मलेली, 1862 मध्ये नवऱ्याबरोबर अमेरिकेत आलेली, आयोवाच्या माळरानावर संसार मांडून 1878 मध्ये दहाव्या बाळंतपणात गेलेली ही पोर. माहेरी धाडलेली तिची पत्रं टिकली, म्हणून आज तिच्याविषयी लिहिता तरी येतं. पण पत्रं हातात असणं वेगळं आणि ती कळणं वेगळं. कळली ती तुमच्यामुळे.

तुमच्याआधी ज्यांची दारं ठोठावली त्यांच्याबद्दल बोलू नये, पण राहवत नाही. एका अभ्यासकांनी "हे सगळं इंटरनेटवर आहे" एवढं एका ओळीत कळवून हात झटकले. वंशावळी शोधून देणाऱ्या एका मंडळींनी आगाऊ पैसे घेऊन भलत्याच बाईची कुंडली पाठवली. चूक कुठे झाली हे तुम्ही दोन मिनिटांत दाखवलंत. 'स्वेन्डसन' म्हणजे स्वेनचा मुलगा, ते नाव नवऱ्याकडचं. तिच्या वडिलांचं नाव निल्स, म्हणून नॉर्वेच्या चर्चच्या नोंदींत ती निल्सदात्तर, म्हणजे निल्सची मुलगी. पुढे लागतं ते शेतवाडीचं नाव, आणि ते आडनाव नसून पत्ता असतं. कुटुंबानं वाडी बदलली की तेही बदलतं. त्यामुळे नॉर्वेच्या चोपड्यांत 'ग्रो स्वेन्डसन' शोधत बसलं की हाती येणार ती दुसरीच कोणीतरी. आधी बापाचं नाव, मग वाडी, मग गाव, आणि शेवटी जन्मसाल, हा क्रम त्या पैसे घेणाऱ्यांना माहीत नसावा!

खरी अडचण होती ती दुधाची. ग्रो लिहिते की इथल्या उन्हाळ्यात दूध माहेरच्यासारखं ठेवता येत नाही, माश्या-किड्यांमुळे चीज करता येत नाही, आणि लोण्यावर मीठ किंवा मिठाचं पाणी नसेल तर त्यात अळ्या पडतात. वाचताना वाटायचं, गाईगुरांत वाढलेल्या मुलीला दूध सांभाळता येऊ नये? तेव्हा तुम्ही शेजारच्या नॉर्वेजियन आजींच्या माळ्यावरून दुधाचं जुनं लाकडी भांडं उतरवलंत, पाण्यानं भरलंत आणि त्यात स्वतःचा हात बुडवून फोटो पाठवलात. तळाला टेकलेली बोटं, वर मनगटात हिरवी बांगडी, आणि बांगडी कोरडी. सोबत मजकूर एवढाच: "खोली बघा."

त्या एका फोटोनं पाच पानांचा गुंता सुटला. भांडं परातीसारखं पसरट, चार बोटं खोल, कारण मलई लवकर वर यावी. ही आपली तापवलेल्या दुधावरची साय नव्हे. कच्च्या दुधावर आपसूक तरंगणारी. तिला गारव्यात दीड-एक दिवस निवांत मिळावा लागतो. हालिंगडालच्या डोंगरावर भर उन्हाळ्यातही तो गारवा असतो. आयोवाच्या उकाड्यात तेच दूध त्याच भांड्यात अर्ध्या दिवसात आंबून घट्ट होतं आणि मलई वर यायच्या आत त्यातच अडकते. हात तोच, भांडं तेच, रीतही तीच. बिघडली ती हवा.

पुढचंही तुम्ही मापांसकट सांगितलंत. मलई घुसळताना 15-16 अंश सेल्सिअस हवेत. त्याहून गरम असली तर लोणी कणीदार न येता लिबलिबीत येतं, ताक आत धरून ठेवतं आणि त्या ताकामुळेच लवकर खवट होतं. म्हणून पाणी नितळ निघेपर्यंत गार पाण्यानं धुवायचं, पौंडाला, म्हणजे साडेचारशे ग्रॅमला, एक औंस, साधारण 28 ग्रॅम मीठ मळायचं, मडक्यात दाबून भरायचं आणि वर अंडं तरंगेल इतकं खारट पाणी ओतायचं. लोण्याचा कोपरा जरी उघडा राहिला तरी माशी तिथेच अंडी घालते. एवढं करून ग्रोच्या पत्रात भाव काय, तर पौंडाला आठ ते दहा सेंट! पौंडभर लोण्याला नऊ-दहा लिटर दूध लागतं. तिथले लोक घरच्या दुधापुरत्याच गाई का ठेवत, ते या हिशोबात दिसतं. (मराठी वाचक विचारणारच, कढवून तूप का नाही केलं? तुमचं उत्तर लेखात जसंच्या तसं घेतलंय: "गावातला दुकानदार लोण्याच्या बदल्यात मीठ-कॉफी द्यायचा. तुपाच्या बदल्यात त्यानं तोंडाकडे बघितलं असतं.")

अमेरिकेतल्या बायकांना म्हणे फार मोकळा वेळ असतो, पण तसं मानणारी एकही बाई अजून भेटली नाही, असं ग्रोनं माहेरी लिहिलंय. लोण्याचं हे प्रकरण समजल्यावर त्या वाक्यातला टोमणा चांगलाच झोंबतो.

वणव्याचंही तसंच. वेगवान घोड्यालाही मागे टाकणारी आग, म्हणून काड्यापेटीशिवाय कोणी प्रवासाला निघत नाही, हे वाचून आधी कोड्यात पडायला होतं. आगीला भिऊन आगपेटी? तुम्ही उलगडून सांगितलंत: वणवा वाऱ्यासोबत अंगावर येतो, तेव्हा आपण उभे असू तिथलं गवत पेटवायचं. वारा ती आग पुढे नेतो, मागे काळी जमीन उरते, तिच्यावर जाऊन उभं राहायचं. उशीर केला तर जमीन जळून मोकळी व्हायला वेळच उरत नाही, आणि काड्या दमट असतील तर खेळ खलास. घराभोवती नांगराचे दोन पट्टे काढून मधलं गवत आधीच जाळून टाकायचं, तेही वारा पडलेला बघून.

ज्ञान असलेली माणसं पुष्कळ असतात, ताई. कोणाच्या तरी अडलेल्या लेखासाठी माळ्यावर चढून कोळिष्टकं झाडणारी थोडी. मानधनाचा विषय काढला तर तुम्ही हसण्यावारी नेलात, आणि फोटोत तुमचा चेहरा येणार नाही याचीही काळजी घेतलीत. बाकी त्या एका ओळीवाल्या विद्वानांना अंक आवर्जून पाठवणार आहोत, सप्रेम भेट म्हणून.

आता कामाचं. फोटो छापायला आजींची परवानगी हवी, तेवढी विचारून कळवा. अंकाच्या दोन प्रती तुमच्या पत्त्यावर येतील, एक त्यांची. आणि 1870 च्या दशकातल्या टोळधाडीवर पुढचा लेख करायचा आहे, तेव्हा प्रश्नांची यादी येईलच. सवडीनं बघा.

तुमचे ऋणी,
दिवाळी अंकाची संपादक मंडळी