दुधाच्या दाढेला स्टीलची कॅप का नको?

मा. संपादक, स.न.वि.वि.

नातू सहा वर्षांचा. जेवण झाले की बोट घालून दाढ कोरत बसायचा. बाहेरून काही दिसेना. एक्स-रेत खालच्या दोन दुधाच्या दाढांच्या फटीत कीड निघाली. पहिल्या दवाखान्यात थेट झिरकोनियाच्या, म्हणजे चिनी मातीसारख्या कडक पदार्थाच्या पांढऱ्या कॅपचा खर्च लिहून हाती दिला. स्टीलची विचारली, तर "आजी, ती आता कोण बसवतं?"

दुसरीकडे मुलांच्या दंतवैद्य बाईंनी दोन्ही कॅप माझ्या तळहातावर ठेवल्या. झिरकोनिया दिसायला सुरेखच, अगदी खऱ्या दातासारखी. पण ती जराही वाकत नाही, म्हणून तिच्या मापाने दातच चहूबाजूंनी जास्त घासावा लागतो, आणि हिरडीतून रक्त आले तर कॅप चिकटवायचे सिमेंट नीट धरत नाही. स्टीलची पातळ, कड पकडीने आत दाबली की दाताच्या फुगीर भागाखाली जाऊन घट्ट बसते.

आमच्या पठ्ठ्याची दाढ दुखत नव्हती, कीड नसेपासून दूर होती. त्यामुळे इंजेक्शन नाही, मशीन नाही! कॅपला जागा व्हावी म्हणून फटीत निळी रबरी रिंग चार दिवस ठेवली, मग सिमेंट भरलेली कॅप बसवून त्याला कापसाच्या बोळ्यावर चावायला लावले. कीड आत कोंडली की तिचे खाणे बंद होते, असे बाई म्हणाल्या. ही रीत स्कॉटलंडच्या डॉ. नॉर्ना हॉल यांच्या नावाने ओळखली जाते. सुरुवातीला दाढ उंच लागते म्हणून कुरकुरला; पुढे पोहेही त्याच बाजूने चावू लागला.

आता शेजारणी विचारतात, "चांदीचा दात कशाला?" सूनबाईही लग्नाच्या फोटोत त्याला तोंड मीट म्हणतात. अहो, ही दाढ दहा-बाराव्या वर्षी कॅपसकट पडणार. तोवर ती टिकली पाहिजे, नाहीतर मागची कायमची दाढ पुढे सरकून खालून येणाऱ्या दाताची जागा खाते. पुढचा दात असता तर मीही पांढरी मागितली असती. निकेलची ॲलर्जी असेल तर स्टील नको, हेही खरे.

दवाखान्यांनी दोन्ही कॅपचे दर आणि कुठल्या कॅपसाठी दात किती घासणार, हे पालकांना आधी सांगावे. घाईघाईत कागदावर सही घेताना नव्हे.

– एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, सातारा