पुरवणीत एएससी कुठंय?

मा. संपादकसाहेब, स.न.वि.वि.

कालची २६ जुलैची, कारगिल विजय दिनाची पुरवणी दोनदा वाचली. टोलोलिंग आलं, टायगर हिल आलं, बोफोर्स तोफेचा अर्धं पान फोटो. छापायलाच पाहिजे, ती पोरं होतीच तशी. पण त्या बोफोर्सचे गोळे तिथवर पोचवले कोणी, याची एक ओळ नाही?

मी आर्मी सर्व्हिस कोरचा, म्हणजे फौजेला रसद पोचवणाऱ्या एएससीचा ड्रायव्हर, ९९ ला द्रासच्या रस्त्यावर होतो. वरून शत्रूला रस्ता सरळ दिसायचा, म्हणून रात्री हेडलाइट बंद करून पुढच्या गाडीच्या मागच्या चाकांमधल्या डिफरन्शलवरचा पांढरा रंग बघत जायचं. आमचे मेजरसाहेब कॉन्व्हॉय परत यायच्या वेळी वही घेऊन रस्त्याला उभे असायचे. एका रात्री एक गाडी कमी भरली तर माणूस जागचा हलला नाही, चहा मगात गार झाला, पहाटे चारला गाडी फुटक्या टायरवर आली तेव्हा आधी ड्रायव्हरला चहा द्यायला लावला, मग वहीत खूण केली.

लोकांना वाटतं सप्लाय म्हणजे किराणा. अहो, तिकडं जायचा झोजिला घाट हिवाळ्यात बंद होतो, तिकडचं पीठ, डाळ, रॉकेल उन्हाळ्यातच चढवून ठेवावं लागतं. त्या वर्षी लढाई पण त्याच महिन्यांत आणि पुढच्या थंडीचा साठा पण त्याच रस्त्यानं. हे गणित साहेबांनी झोप सोडून जमवलं. आणि नाही जमलं तर काय होतं ते १९६२ ला चीनच्या लढाईत नामका चू नदीवर बघितलंय की, उन्हाळी कपड्यांत पोरं बर्फात उभी होती.

गेल्या वर्षी आमच्या तालुक्यात या मेजरसाहेबांचा सत्कार होता. निवेदक माईकवर म्हणाला, हे सप्लायमध्ये होते, म्हणजे प्रत्यक्ष लढाईत नव्हते. साहेब काही बोलले नाहीत. खांद्यावरची शाल काढली, नीट घडी केली आणि मांडीवर ठेवून बसले. मला त्या रात्री झोप लागली नाही, आणि काल पुरवणी वाचून परत तेच झालं.

अजून एक, मागच्या महिन्यात कोरेगाव रस्त्याच्या खड्ड्यांवर लिहिलं होतं ते तुम्ही निम्मं कापून छापलंत, मुद्दाच गेला. हेही कापायचं असेल तर खड्ड्यांचं कापा, साहेबांचं राहू द्या.

आपला,
एक निवृत्त हवालदार, एएससी
ता. कोरेगाव, जि. सातारा