बाबांचा भागाकार आणि सोळा तास

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, कॅलेंडरच्या मागे केलेला तुमचा हिशोब व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिला. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे 12,400 किलोमीटर, भागिले ताशी 900, म्हणजे पावणेचौदा तास. मग तिकिटावर सोळा का? अहो, 12,400 हे पृथ्वीगोलावर दोरा ताणून मोजलेलं अंतर. कुठल्या देशाची हवाई हद्द बंद आहे, वारा कसा आहे, हे बघून विमानाचा रस्ता रोज नव्याने ठरतो, आणि तो त्या दोऱ्यापेक्षा लांबच पडतो.

त्यात वाऱ्याची गंमत तुम्हाला आवडेल. साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. 2016 मध्ये एअर इंडियाने हेच विमान पश्चिमेला अटलांटिकवरून नेण्याऐवजी पूर्वेला पॅसिफिकवरून नेलं. रस्ता 13,900 चा 15,300 किलोमीटर झाला, तरी ते साडेचौदा तासांत पोचलं, जवळजवळ दोन तास लवकर! वारा पाठीशी होता. भाज्य वाढलं, पण भाजक त्याहून वाढला म्हणा ना.

तुम्ही शोधलेलं स्वस्त तिकीट मात्र नको. दोनदा विमान बदला, त्यात एका ठिकाणी नऊ तास बसा. आईचे पाय तर इंदूर-पुणे बसमध्येच सुजतात. इंदूरहून दिल्ली दीड तास आणि तिथून थेट इथे, एवढंच करा. तरीसुद्धा दिल्लीतला थांबा आणि इथली इमिग्रेशनची रांग धरून घर ते घर चोवीस तासांच्या वर जातीलच. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या, म्हणजे इंदूरला दिलेल्या बॅगा थेट इथे मिळतील. व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा. ‘मला काय धाड भरलीय’ हे वाक्य दिल्ली विमानतळाचं टर्मिनल 3 एकदा चालून झाल्यावर म्हणा.

आई, तू कडेची सीट घे. खिडकीतून ढगच दिसणार, आणि मध्यरात्री शेजाऱ्याला उठवायला तू लाजणार. दीड-दोन तासांनी उठून एक चक्कर मारायची, बसल्या जागी टाचा-चवडे हलवत राहायचं. सारखं उठावं लागतं म्हणून पाणीच प्यायचं नाही, हा तुझा प्रवासातला नेम या वेळी मोड. बीपीच्या गोळ्या चिठ्ठीसकट पर्समध्ये ठेव आणि इथे आल्यावर कुठल्या वेळी घ्यायच्या ते डॉक्टरांना आधीच विचार, कारण तुमचा दिवस म्हणजे इथली रात्र. लोणचं डबल पिशवीत बांधून मोठ्या बॅगेत. शेव, जीरावन मसाला खुशाल आण. आंबे नकोत, कस्टमवाले काढून घेतात. (जीव तुटतो, पण काय करणार.)

मे महिन्यात इथलं घड्याळ साडेबारा तास मागे असतं. पहाटे दिल्लीहून निघालात की इथे उतरताना तारीख तीच, घड्याळ जेमतेम साडेतीन तास पुढे. त्या दिवशी मी तुम्हाला संध्याकाळपर्यंत झोपू देणार नाही, सांगून ठेवते. परतताना उलटं: मंगळवारी सकाळी निघालात तर दिल्लीला बुधवारची दुपार. दादाला घ्यायला बोलवाल तेव्हा वार नीट सांगा.

बाबा, पैसे भरण्याआधी फोन करा. तुमच्या सकाळी दहाला इथे आदल्या रात्रीचे साडेनऊ असतात, मी जागीच असते.

तुमची,
मनू